बंदुकीचे दोन पाय, आणि तुझा हात

काका, तुझ्या दिवसकार्याला सगळे तुझ्या हाताबद्दलच बोलले.

पोशेऱ्याच्या तुझ्या अंगणात माणसं मावत नव्हती. फौजेतला तुझा जोडीदार नाशिकहून आला होता. तो म्हणाला, देवराम मशीनगनवर पालथा पडलेला असला की आम्ही बिनघोर पुढे सरकायचो. आमचे वनखात्यातले साहेब म्हणाले, असा स्थिर हात बचाव पथकाला पुन्हा मिळणार नाही. कोणीतरी विहिरीतल्या बिबट्याची गोष्ट काढली, मग कोणी काजूच्या वाडीतल्या. शेवटी मला बोलायला उठवलं. मी उठले, हात जोडले आणि बसले. लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही. रडू येतच होतं. पण मी गप्प बसले ते त्यामुळे नाही. तुझा हात कापत होता हे त्या अंगणात आम्हा दोघींनाच माहीत होतं, मला आणि गंगाकाकीला. आणि मी उभी असेपर्यंत काकी माझ्या तोंडाकडे बघत होती.

तिथे जे बोलता आलं नाही ते आता तुझ्याशी बोलते. तू म्हणूनच बोलते. आपल्याकडे मोठ्या माणसालाही तूच म्हणतात. तुम्ही म्हणायला मला शाळेने शिकवलं. पथकात आले तेव्हा सुरुवातीला मी तुला तुम्ही म्हणायचे आणि तू मागे वळून बघायचास, जणू तुझ्या पाठीशी कोणी साहेब उभा आहे. मग एकदा गाडीत म्हणालास, "कमळे, तू वांगणीची ना? मंग वांगणीसारखी बोल." तेव्हापासून साहेबांसमोर तुम्ही आणि एरवी तू.

मी खरंच वांगणीची. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर कामाला वसईकडे जायचे, मी आश्रमशाळेत राहिले, धावायला बरी होते म्हणून वनरक्षकाच्या भरतीत निघाले. बिबट्या गावात शिरला की जाणाऱ्या बचाव पथकात नेमणूक झाली. तू फौजेतून हवालदार होऊन परतलेला, पथकाचा नेमबाज. आपली बंदूक गोळीची नव्हती, सुईची होती. जनावरांचे डॉक्टर औषध भरून देणार, आपण ती सुई जनावराच्या मांडीच्या नाहीतर खांद्याच्या मांसात मारायची, ते झोपलं की जाळीत घेऊन पिंजऱ्यात घालायचं. सांगायला सोपं आहे. पण ती सुई गोळीसारखी सरळ जात नाही. हळू जाते, वाकून जाते. नळी बोटभर हलली तरी पोटात जाते, डोळ्यात जाते, किंवा लागतच नाही.

तू मला हे सगळं शिकवलंस. माझ्या आधी कोणी मुलगी त्या बंदुकीला हात लावत नव्हती, आणि तुला त्यात काही विशेष वाटलं नाही, याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. तू एवढंच विचारलंस, डोळा कोणता चांगला? मी म्हटलं, उजवा. "बरं," म्हणालास, आणि लागलास शिकवायला.

मग नवी बंदूक आली, तिच्याबरोबर खोक्यात बायपॉड आला. नळीखाली अडकवायचे दोन पाय, मिटता येणारे, लांबी कमीजास्त करता येणारे. तू हातात घेऊन खटका दाबलास, पाय उघडले, पुन्हा मिटलेस आणि म्हणालास, "ही घोडी खोक्यातच राहू दे." सुतार लाकूड टेकवतो ती घोडी. त्या दिवसापासून पथकात सगळे त्याला घोडीच म्हणायला लागले, डॉक्टरसुद्धा. आणि त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं.

जव्हार ते मोखाडा त्या घाटात आपण किती वेळा भांडलो असू! ड्रायव्हर कंटाळून गाणी लावायचा. माझं म्हणणं साधं होतं. बंदूक जड आहे. जनावर झुडपात बसलेलं असतं, ते बाहेर कधी येईल सांगता येत नाही, तोवर बंदूक खांद्याला लावून बसलं की दंड भरून येतात, आणि नेमकं ते बाहेर आलं की हात हलतो. दोन पाय लावले की वजन जमिनीवर. हाताला काम उरतं ते चाप ओढायचं. दुर्बिणीतली फुली जागची हलत नाही. माणूस थकत नाही, घाई करत नाही. डॉक्टर माझ्या बाजूने होते. ते म्हणायचे, चुकीच्या जागी सुई गेली तर जनावर मरतं, त्यापेक्षा टेकवलेलं बरं.

तू खिडकीबाहेर बघत ऐकायचास आणि मग एकेक काढायचास. आपलं रान सपाट कुठं आहे? उतारावर घोडीचा एक पाय खड्ड्यात, एक दगडावर. नळी तिरकी झाली की सुई बाजूला जाते. करवंदीच्या जाळीत पाय अडकतात. उघडताना खट् वाजतं, आणि बिबट्याला कान आहेत. घोडी लावायची तर पालथं पडावं लागतं, पालथं पडलं की समोरचं गवतच भिंत होतं. जनावर डावीकडे सरकलं तर हातातली नळी नुसती वळवता येते, घोडीवरची उचलून मांडावी लागते.

"आन् झोपलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो," तू शेवटी म्हणायचास. "बिबट्याला नाय लागत."

मी हरायला तयार नव्हते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घोडीच्या पायांना गुंडाळले, म्हणजे खटका वाजणार नाही, दगडावर घसरणार नाही. तू ते बघून हसत सुटलास. घोडीला पायमोजे घातले म्हणून सगळ्या पथकाला सांगितलंस. मग आपण परीक्षा घेतली. पेंढ्याने भरलेलं पोतं लावलं आणि कार्यालयाच्या मागच्या कठड्यावर घोडी टेकवून मी मारलं. माझी सुई बरोबर खुणेवर. तुझी खांद्यावरून मारलेली जरा खाली. तू पोतं सोडवून काखेत मारलंस. म्हणालास, जेवायला पोशेऱ्याला चल. तिथे घरामागच्या डोंगराच्या उतारावर तेच पोतं लावलंस. मी घोडी लावायला जागा शोधतेय, दगड सरकवतेय, तोवर तू एका गुडघ्यावर बसून मारून मोकळा झालास. काकीने नागलीची भाकरी वाढता वाढता विचारलं, कोण जिंकलं? दोघांनीही बोट स्वतःकडे केलं. काकी म्हणाली, मग एकेक पाय वाटून घ्या.

एक गोष्ट तेव्हाही मला खटकायची. फौजेत तू चालवलीस ती मशीनगन दोन पायांवरच उभी राहते. तिच्याबद्दल तू किती मायेने बोलायचास, बर्फात तिचे पाय कसे रोवायचास ते सांगायचास. मग इथे एवढा राग का? मी एकदा विचारलं. तू म्हणालास, तिच्यातून गोळ्यांची सर पडते, एखादी लागते. इथं एकच सुई. मला पटलं. तेव्हा ते उत्तर खरंही असेल. पुढे तेच उत्तर तू कशासाठी वापरलंस, हा माझा तुझ्याशी झगडा आहे.

विहिरीतला बिबट्या तेव्हाचाच. कोरडी विहीर, आत पडलेली मादी, कठडा नाही. मला तू पुढे पाठवलंस. मी पालथी पडून अर्धी आत वाकले आणि तू मागून माझा पट्टा धरलास. तिथे घोडीचा काही उपयोग नव्हता. खाली तोंड करून मारायचं होतं. मी म्हटलं, काका, सोडू नकोस. तू म्हणालास, "तू खाली बघ. मागचं मी बघतो." माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं घट्ट धरलेलं नाही. आता बसल्या बसल्या मी आठवून बघते, तो पट्टा तेव्हा हलत होता का? मला आठवत नाही. मी खरंच खाली बघत होते.

त्यानंतर तू हळूहळू कमी मारायला लागलास. बहुतेक वेळा मला पुढे करायचास, स्वतः मागे उभा राहायचास. मला वाटायचं, शिकवतोय. गाडीत चहा घ्यायचं सोडलंस, पित्त होतं म्हणालास. पण मोठं काम असलं, साहेब जातीने आले असले, गाव जमलेलं असलं, की बंदूक तूच घ्यायचास. आणि गाव जमलं की गावाला तूच हवा असायचास.

दाभोशाला गाव जमलं होतं.

होळी होऊन गेली होती, रान वाळलेलं. आपण पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. सोमाच्या गोठ्यात बिबट्या शिरला होता, त्याने शेळी धरली, आणि सोमाने बाहेरून दार ओढून कडी घातली. केवढा धीर! गोठ्याला भिंतीऐवजी कारवीच्या काठ्यांचा कूड, शेणाने सारवलेला. मागच्या बाजूला सारवण पडून एक फट झाली होती, तिच्यातून आतलं जनावर दिसायचं. लोक लांब उभे केले होते. सोमा तेवढा त्याच्या बैलांपाशी, ते उधळू नयेत म्हणून.

डॉक्टरांनी सुई भरली. मी घोडी लावून बंदूक तुझ्याकडे दिली. तू घोडी सोडवून माझ्या हातात दिलीस. मी म्हटलं, काका, फट लहान आहे, कशावर तरी टेकव. तू पुढे सरकलास. गुडघ्यावर बसलास, नळी फटीसमोर धरलीस, आणि धरूनच ठेवलीस. मला वाटलं, जनावर वळायची वाट बघतोयस. मग चाप ओढलास.

आत गुरगुराट झाला. सुई मागच्या पायाला ओझरती लागून खाली पडली होती, औषध थोडंसंच आत गेलं. अर्धवट झिंगलेलं जनावर सगळ्यात वाईट, हे तूच मला शिकवलं होतंस. बिबट्या उसळला, कूड आणि छप्पर यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडला, आणि त्याच्यासमोर सोमा. सोमाने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. काठ्या, आरडाओरडा, मग ते जनावर त्याला सोडून शेतात गेलं आणि बांधाखाली डुलत बसलं. दुसरी सुई मी मारली. बांधावर पालथी पडून, घोडी लावून. ती बरोबर मांडीत बसली. परत येताना ड्रायव्हर म्हणाला, आज घोडी जिंकली. तू पुढच्या सीटवर बसला होतास. मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

सोमाचा हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत. नांगराची रुमणी धरता येत नाही, विळा धरता येत नाही.

साहेबांनी विचारलं तेव्हा तू सांगितलंस, कुडातली एक काठी आत वाकलेली होती, सुई तिला घासली. सुई खरोखरच वाकलेली सापडली होती. सगळ्यांना पटलं, मलाही. पावसाळा लागायच्या आत, वय झालं म्हणून, तू पथक सोडलंस. साहेबांनी तुला शाल घातली. मी टाळ्या वाजवल्या.

मग भाताची लावणी उरकल्यावर मी पोशेऱ्याला आले. काकीने चहा दिला. तुझा कप पुढे ठेवला आणि तो अर्धाच भरला होता. तू दोन्ही हातांनी धरलास तरी चहा बशीत सांडला. मी दुसरीकडे बघितलं. निघताना काकी माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. तिनेच सांगितलं. तुम्ही दोघं नाशिकच्या डॉक्टरला दाखवून आलात, त्याने सांगितलं होतं की हा कंप वाढत जाणार, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. कधी दाखवलं, मी विचारलं. काकी म्हणाली, मागल्या दसऱ्याच्या आधी.

मागला दसरा. म्हणजे दाभोशाच्या आधी. मी रस्त्यात उभी राहून ते पुन्हा मनाशी मोजलं. तुला माहीत होतं. गुडघ्यावर बसून तू जनावर वळायची वाट बघत नव्हतास, हात थांबायची वाट बघत होतास.

मला इतका राग आला की बरेच दिवस मी तुझ्याकडे फिरकले नाही. तुला कळलं असणार.

पुढे मोखाड्याकडून एका कामावरून परतताना मी गाडी पोशेऱ्याला वळवायला सांगितली. भात पिवळं पडायला लागलं होतं. तू ओट्यावर बसला होतास. मी काही बोलायच्या आधी तूच म्हणालास, "घोडी हाये का गाडीत? आण." मी आणली. तू मांडीवर घेतलीस. तिचे पाय उघडायला खटका दाबावा लागतो. तुझा अंगठा त्याच्यावर बसेना, घसरत राहिला. मी हात पुढे केला नाही. मला माहीत होतं, तू तो झिडकारशील. शेवटी मिटलेलीच मांडीवर ठेवून तू पहिल्यापासून सुरुवात केलीस. उतारावर नळी तिरकी होते. करवंदीत अडकते. जनावर सरकलं की काय करशील? मीही उत्तर देत गेले. उतारावर एक पाय आखूड करता येतो. ट्यूब गुंडाळली की वाजत नाही. दंड भरून येत नाहीत. आपले आवाज चढले, काकी दारात येऊन उभी राहिली. कोणी बाहेरून ऐकलं असतं तर म्हणालं असतं, यांना दुसरं काही बोलायला नाही. आपल्याला दुसरंच बोलायचं होतं.

मग तू थांबलास. घोडीवर हात ठेवून म्हणालास, "याचा एक फायदा तू कधी सांगितला नाय."

कोणता, मी विचारलं.

"हात कोणाचा हाये ते याला कळत नाय. कापता हात बी चालतो."

काकी आत गेली. मी विचारलं, "मग दाभोशाला का काढलीस?"

तू समोरच्या शेताकडे बघितलंस. म्हणालास, इतकी वर्षं नको म्हटलेली गोष्ट त्या दिवशी मागितली असती, तर का मागतो ते सगळ्यांनी विचारलं असतं. तेवढी एक सुई नीट लागायला हवी होती, मग सोडणारच होतो.

मी तुला सोमाचं सांगितलं. गावात त्यालाच दोष देतात, की कूड नीट बांधला नाही, काठी आत वाकू दिली. त्याची बायको त्याला रोज ऐकवते. आणि तो स्वतःही तेच म्हणतो, की माझ्याच कुडाने माझा हात घेतला. हे तुला माहीत होतं का? तू म्हणालास, ऐकलं होतं. तुझा खालचा ओठ हलत होता, तो रोगाने की कशाने मला कळलं नाही.

"भात झोडून झाला का जाईन," तू म्हणालास. "मीच सांगीन. तू नको सांगू."

मी बरं म्हटलं. तू घोडी परत माझ्या हातात दिलीस. ती आपली शेवटची भेट.

भात कापून उडवी रचली होती, झोडायचं बाकी होतं. तुला ताप आला, तो छातीत गेला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुला घरी आणायची तयारी चालली होती.

काका, मला तुझा राग येतो आणि त्या रागाचं काय करावं ते कळत नाही. जिवंत माणसाशी भांडता येतं. तू असतास तर मी विचारलं असतं, मला का नाही सांगितलंस? मला! ज्या पोरीला तू विहिरीत वाकवलंस, जिचा जीव हातात धरलास, तिच्या हातात त्या दिवशी बंदूक द्यायला काय झालं होतं? मग मला तुझं ते तोंड आठवतं, गाव बघत असताना गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं, आणि मी थांबते. पण थांबले की मला सोमाची बोटं दिसतात.

दिवसकार्य आटोपल्यावर काकीने मला घरात बोलावलं. ती म्हणाली, "त्याचं नाव तेवढं राहू दे, पोरी. दुसरं काय ठेवलंय त्याने मागं?"  मी तिचे हात हातात घेतले आणि निघाले.

त्या आठवड्यात मी दाभोशाला गेले, घोडी बरोबर घेऊन. का नेली ते धड सांगता येणार नाही. मला बघायचं होतं की त्या दिवशी तू ती काढली नसतीस तर काय झालं असतं. सोमा शेतावर गेला होता. मी त्याच्या गोठ्यामागे गेले, तू बसला होतास तिथे पालथी पडले, घोडी उघडली आणि तिच्यावरून बघितलं. फट दिसेना. मध्ये गोठ्याबाहेरची दगडी गव्हाण आडवी येत होती, तिचा काठच नजरेत भरत होता. घोडीचे पाय पूर्ण लांब केले तरी तेच. गव्हाणीवर टेकवली तर नळी फटीच्या वर जात होती, आणि बाजूला टेकवायला दुसरं काही नव्हतं. तिथून फक्त गुडघ्यावर बसून मारता आलं असतं, तू बसलास तसं.

म्हणजे तू बरोबर होतास. घोडीचा तिथे उपयोग नव्हता. त्या मातीत मी पालथी पडले होते आणि मला कळत होतं की इतकी वर्षं आपण ज्याच्यावर भांडलो ते त्या दिवशी महत्त्वाचं नव्हतंच. घोडी लावली असती तरी सुई गेली नसती. बंदूक दुसऱ्या हातात द्यायला हवी होती. त्या जागी एवढंच करण्यासारखं होतं, आणि मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

आणखी एक बघितलं. फटीच्या दोन्ही बाजूंच्या काठ्या मी हाताने दाबून पाहिल्या. नंतर त्या कोणी बदललेल्या नाहीत, जुन्याच आहेत, धुराने काळ्या पडलेल्या. एकही आत वाकलेली नाही.

सोमा आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते. त्याने डाव्या हाताने तांब्या पुढे केला. तुझ्याबद्दल हळहळला, मोठा माणूस गेला म्हणाला. काका, ते ऐकून मी उठून निघून जाणार होते. तुला मी बरं म्हटलं होतं, काकी गप्प राहा म्हणाली होती, आणि हा माणूस तुझ्यासाठी हळहळत होता. सगळं गप्प राहण्याच्या बाजूचंच होतं. मग आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, पावसाच्या आधी कूड तरी दुसऱ्या कोणाकडून धड बांधून घे म्हणून. सोमाने मान खाली घातली.

मी सांगितलं. काठी नव्हती. काकाचा हात कापत होता, त्याला आजार होता, त्याने लपवलं. तुझ्या कुडाचा काही दोष नाही.

 सोमा आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने बायकोला हाक मारली आणि मला म्हणाला, "हिच्यासमोर परत सांग."

मी परत सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि सोमाकडे न बघता रडायला लागली. सोमा म्हणाला, "आता राग कोणावर धरायचा? तो तर गेला." तेच मी पोशेऱ्यापासून स्वतःला विचारत आले होते.

काल मी काकीकडे गेले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून. ती अंगणात भात पाखडत होती. मी म्हटलं, काकी, मी सोमाला सांगून आले. सूप थांबलं. मला वाटलं ती मला उठवून लावेल, आणि तिने तसं केलं असतं तर मी गेले असते.

तिने सूप खाली ठेवलं. अंगावरचा भुसा झटकला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पण तो जाणार होता ना? भात झोडून झाल्यावर?"

हो, मी म्हटलं, जाणार होता.

"गेला असता ना?"

काका, मला माहीत नाही. तुझ्या त्या ओट्यावर तू कबूल केलंस तेव्हा तू खरंच बोलत होतास की सांगायचा दिवस पुढे ढकलत होतास, हे मला कधीच कळणार नाही. काकी वाट बघत होती.

गेला असता, मी म्हटलं.